गंजिफांची डबी

राजे गेले, राज्ये गेली, त्यांचे तह व लढाया बखरींत राहिल्या; पण त्या राज्यांतील माणसे दुपारच्या निवांत वेळी काय करीत असत, हे सांगणारी बखर सहसा कोणी लिहिली नाही. इतिहासाच्या अध्यापनात तीस वर्षे घालविल्यावर हा विचार माझ्या मनात यावा, यास कारण एक लहानशी लाकडी डबी झाली. गेल्या श्रावणात आमच्या घरातील माळ्यावरच्या जुन्या ट्रंका उतरविल्या, त्यांपैकी एकीच्या तळाशी ती सापडली. वरच्या झाकणावर रंगविलेली वेल, झाकण खाचेतून सरकणारे, आणि आत तळहाताच्या खळग्यात बसतील अशी वाटोळी पाने. ती माझ्या आजीची गंजिफा होती. आजीचे माहेर कोकणात, सावंतवाडीकडचे. लग्नानंतर ती देशावर आली आणि आजोबांच्या नोकरीमुळे पुढे औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, कायमची राहिली. येताना तिने ही डबी बरोबर आणली होती.

माझी पुतणी शेजारी बसली होती. तिने एक पान उचलून उलटसुलट पाहिले आणि विचारले, “काका, हे खेळतात कसे?”

मला उत्तर देता आले नाही. गंजिफा हा शब्द फारसीतून आला, बाबराच्या आत्मचरित्रात त्याचा उल्लेख आहे, अकबराच्या दरबारात हा खेळ चाले, एवढे मी तिला घडाघडा सांगितले असते. पण तिचा प्रश्न तो नव्हता. मी महाविद्यालयात शिकत असताना एका सुटीत आजीने ही डबी माझ्यापुढे ठेवून म्हटले होते, “ये, तुला शिकवते. माझ्यामागे कोणाला यायचे नाही.” मी त्या वेळी इंग्रजी राज्यघटनेच्या इतिहासाची टिपणे काढीत होतो. “परीक्षा झाल्यावर पाहू,” असे मी म्हणालो. परीक्षा झाली, दुसरी आली, आणि आजी गेली. त्या दिवशी डबीतील पाने हाती धरून बसलो असता मला उमगले की, इतिहासाचे एक साधन माझ्या घरात पन्नास वर्षे बोलत होते आणि मी ग्रंथालयात बसून त्याच्याविषयी वाचीत होतो.

हा लेख त्या अपराधाचे अल्पसे परिमार्जन होय.

पत्त्यांसारख्या क्षुद्र विषयावर एखाद्या प्राध्यापकाने लेखणी चालवावी, हे काही वाचकांस रुचणार नाही. त्यांस मी आमच्याच नगरातील एका विद्वानाचे उदाहरण देतो. औरंगाबादचे ज्योतिषी पंडित हरिकृष्ण व्यंकटराम शास्त्री यांनी एकोणिसाव्या शतकात ‘बृहज्ज्योतिषार्णव’ नावाचा प्रचंड संस्कृत संग्रह रचला. त्याच संग्रहात त्यांनी ‘क्रीडाकौशल्य’ हा भाग घातला. त्याचा रचनाकाल १८७१. चतुरंगाचे नाना प्रकार आणि पटावरचे इतर खेळ कसे मांडावे, सोंगट्या कशा चालवाव्या, याचे त्यात संस्कृत श्लोकांतून निरूपण आहे. ग्रहगणित आणि मुहूर्त यांचा विचार करणाऱ्या पंडितास खेळांचे नियम श्लोकबद्ध करणे कमीपणाचे वाटले नाही. खेळ हाही परंपरेने चालत आलेल्या ज्ञानाचाच एक भाग आहे, आणि तो लिहून न ठेविल्यास माणसांबरोबर नाहीसा होतो, हे त्यांनी ओळखले होते. ज्या शहरात त्यांनी ते लिहिले त्याच शहरात राहून मी आजीचा खेळ लिहून ठेविला नाही, हा विरोध मला बोचल्याशिवाय राहत नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. हिंदुस्थानात गंजिफाचा पहिला खात्रीचा उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो. सिंधमधील शाह हसन यास गंजिफाची फार आवड असून त्याने ती मागविली होती. म्हणून १५२७ साली बाबराने आपल्या माणसाबरोबर ती त्याच्याकडे पाठविली, अशी ती नोंद आहे. पानिपतच्या लढाईस तेव्हा पुरते दीड वर्षही झाले नव्हते. राज्य स्थिरस्थावर करण्याच्या धामधुमीत एका मित्राच्या करमणुकीची आठवण ठेवणारा बाबर या एका ओळीत जितका माणूस म्हणून दिसतो तितका लढायांच्या वर्णनात दिसत नाही.

पुढे अकबराच्या काळी अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त या खेळाचे सविस्तर वर्णन केले. त्यात बारा रंगांचा, प्रत्येक रंगात बारा पाने असलेला, म्हणजे एकूण १४४ पानांचा खेळ सांगितला आहे. त्या रंगांची नावे पाहिली म्हणजे हा परदेशी खेळ इथल्या मातीत किती लवकर रुजला हे कळते: अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती अशी ती नावे आहेत. अकबराने या पानांत फेरफार केले. पुढे सर्वत्र प्रचारात राहिला तो आठ रंगांचा, ९६ पानांचा खेळ. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश हे त्याचे आठ रंग. यांत मुकुट आहे, रुपेरी व सोनेरी नाणे आहे, तलवार आहे, चाकर आहे, वाद्य आहे, सरकारी हुंडी आहे आणि कापडचोपडही आहे. एका बादशाही कारखान्याची मोजदादच जणू पत्त्यांवर उतरविली होती.

दक्षिणेत व कोकणात या चौकटीने दुसरे रूप घेतले. बादशाही खात्यांच्या जागी विष्णूचे दशावतार आले. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की असे दहा रंग. प्रत्येक रंगात एक राजा, एक मंत्री आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. मिळून १२० पाने. राजाच्या पानावर खुद्द अवतार, मंत्र्याच्या पानावर बहुधा घोडेस्वार, आणि बाकीच्या पानांवर त्या त्या अवताराचे चिन्ह: मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. प्रत्येक रंगाची पार्श्वभूमीही निराळ्या रंगाची, त्यामुळे अक्षरशत्रू मुलासही पान ओळखता यावे. खेळाचा सांगाडा तोच राहिला, अंगावरचा पोशाख तेवढा बदलला. परक्या वस्तूचा स्वीकार करताना तिचे नियम जसेच्या तसे ठेवून तिची चित्रे मात्र आपली करावयाची, ही आपल्या समाजाची जुनी रीत या डबीत जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल.

महाराष्ट्रात या कलेचे माहेरघर म्हणजे सावंतवाडी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तिसरे खेम सावंत यांच्या कारकिर्दीत (१७५५ ते १८०३), धर्मचर्चेसाठी दरबारात येणाऱ्या तेलंगणातील ब्राह्मणांनी हा खेळ तेथे आणला आणि तेथील चितारी मंडळींनी ही पाने करण्याची कला आत्मसात केली, असे सांगतात. कागदाचे वा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवावयाचे, ते वाळवून घोटावयाचे, वाटोळे कापावयाचे, त्यावर कुंचल्याने चित्र काढावयाचे आणि शेवटी लाखेचा हात द्यावयाचा, असा हा खटाटोप. श्रीमंतांसाठी केलेल्या बारीक कामास ‘दरबार कलम’ आणि सामान्य गिऱ्हाइकासाठी झपाट्याने केलेल्या ठसठशीत कामास ‘बाजार कलम’ म्हणत. माझ्या आजीची पाने बाजार कलमाची आहेत. त्यांतील माशाच्या अंगावर खवले नाहीत, नुसती एक तांबडी रेघ आहे; पण तो मासा आहे याविषयी कोणास शंका येणार नाही.

हे झाले पानांचे. परंतु पाने म्हणजे खेळ नव्हे, आणि येथेच माझ्या पुतणीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

गंजिफाचा मुख्य खेळ बहुधा तिघांत खेळत. दशावतारी डाव असल्यास प्रत्येकाच्या वाट्यास ४० पाने येत. दिवसा खेळ मांडला असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो खेळ सुरू करी, आणि रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्या हाती तो. मोगली डावात हाच मान दिवसा सुर्ख रंगाच्या राजास व रात्री सफेद रंगाच्या राजास, म्हणजे सूर्यास आणि चंद्रास मिळे. सूर्य मावळला की सत्ता एका राजाकडून दुसऱ्याकडे जावी, ही कल्पना ज्याला सुचली तो कोणी अज्ञात मनुष्य खेळ रचणाऱ्यांत खरा कवी होता. शिवाय सर्व रंगांत पानांचा मानक्रम एकसारखा नसे. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ व एक्का हलका. उरलेल्या निम्म्यांत उलट, एक्का वरचढ आणि दश्शी सर्वांत हलकी. हुकमाचा असा एखादा रंग नसल्यामुळे दैवाच्या तडाख्याने डाव फिरविण्याची सोय नाही. कोणते पान पडून गेले आणि कोणते अद्याप कोणाच्या हाती दडले आहे, हे जो ध्यानात ठेवील तोच जिंकेल. १२० पानांचा हा हिशेब मनातल्या मनात ठेवणे ही काही थट्टा नव्हे. माझी आजी शाळेत गेली नव्हती. पण वाण्याचा महिन्याचा हिशेब ती तोंडी सांगे आणि त्यात आण्याची चूक निघत नसे. त्या स्मरणाचा सराव कोठे झाला असावा याचा उलगडा मला आता होतो.

मग असा खेळ लयास का गेला? चार-चौघांत हा प्रश्न काढल्यास ‘इंग्रजी राज्य आले आणि आपले सर्व गेले’ असे ठरीव उत्तर मिळते. मला ते पुरेसे वाटत नाही. चार रंगांचे ५२ पत्ते इंग्रजांच्या फार पूर्वी युरोपीय दर्यावर्दी लोकांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरले होते. आपण ज्याला किलवर म्हणतो त्याला डच लोक ‘क्लावर’ म्हणतात, यावरून त्या उतारूंपैकी काहींची ओळख पटते. इतकेच नव्हे, तर युरोपातील पत्तेही मूळचे तेथले नव्हत. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात मिसरच्या मामलुक राजवटीतील जुने पत्ते आहेत. त्यांवर प्याले, नाणी, तलवारी आणि चौगानच्या काठ्या असे चार रंग आढळतात. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात पत्ते युरोपात पोहोचले ते अशाच मुसलमानी देशांतून. म्हणजे बावन्न पत्ते आणि गंजिफा ही दोन्ही पूर्वेकडचीच लेकरे. एक पश्चिमेची वाट धरून, समुद्र ओलांडून, शेवटी आपल्याकडे आले, तर दुसरे इराणातून खुष्कीने आले. परका आणि आपला असा हा झगडा नव्हता.

झगडा होता तो सोयीचा. युरोपात पंधराव्या शतकात फ्रेंचांनी पत्त्यांवरची चिन्हे इतकी सोपी केली की, दोन रंग आणि चार आकृती यांवर सारे भागावे. साचा कापून ठेवला म्हणजे शाई फिरविताच पान तयार. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या छापखान्यांनी हे काम यंत्रावर घेतले, पुढे पानांच्या कोपऱ्यांत अंक आले, आणि मग हातातील पाने किंचित पसरून एका नजरेत ओळखता येऊ लागली. वाटोळ्या गंजिफास कोपराच नाही. अंक छापावयाचा तो कोठे? ४० वाटोळी पाने एका हाती धरणे हेच एक कसब. त्यातून एकेक पान कुंचल्याने रंगवावयाचे, आणि एक जरी हरवले तरी कारागिरास शोधीत जावे लागावयाचे. अशा स्थितीत स्वस्त, चौकोनी, खिशात मावणारा छापील जोड बाजारात आल्यावर काय होणार, हे सांगावयास इतिहासकाराची गरज नाही.

याच सुमारास म्हैसूरच्या राजवाड्यात एक विलक्षण प्रयोग झाला. तिसरे कृष्णराज वोडेयर (१७९४ ते १८६८) यांस खेळ रचण्याचा मोठा नाद. इंग्रजांनी राज्यकारभार काढून घेतल्यावर त्यांना त्यासाठी सवडही पुष्कळ मिळाली. त्यांनी गंजिफाचे अनेक नवे डाव स्वतः रचले. त्यांतील चामुंडेश्वरीच्या नावाच्या डावात १६ रंग व ३२० पाने, तर जगन्मोहन नावाच्या डावात १२ रंग व ३६० पाने. बुद्धी अलौकिक, चित्रे अप्रतिम. परंतु हे खेळ राजवाड्याबाहेर रुजले नाहीत. खेळ रचणाऱ्याने आपले सर्व ज्ञान पानांवर ओतले, पण खेळणाऱ्याचा हात केवढा असतो याचा विचार केला नाही. विशाल साम्राज्यांप्रमाणेच विशाल खेळही स्वतःच्या भाराखाली दबून जातात.

याच्या उलट, आपल्या मराठी घरांतून काय घडले ते पाहा. बावन्न पत्त्यांचा परका जोड हाती आल्यावर आमच्या आजोबा-पणजोबांनी व विशेषतः आज्या-मावश्यांनी त्यातून जे खेळ घडविले वा आपलेसे केले त्यांचा कर्ता कोण हे कोणासही ठाऊक नाही. पण त्यांतील रचनाकौशल्य पाहून थक्क व्हावे. ‘पाच-तीन-दोन’ हा खेळ घ्या. घरात चौथा गडी नाही, तिघेच आहेत. ५२ पत्ते तिघांत सारखे वाटता येत नाहीत. तेव्हा अठ्ठ्यापासून एक्क्यापर्यंतची चारही रंगांची २८ पाने घेतली, त्यांत दोन सत्त्या मिळविल्या आणि ३० पाने केली. प्रत्येकास दहा. हात दहा होणार. ते पाच, तीन आणि दोन असे वाटून दिले आणि ज्याच्यावर ओझे अधिक त्यास हुकूम ठरविण्याचा मान दिला. ज्याचे हात कमी पडतील त्याचे पुढच्या डावात पान ओढावयाचे. पंक्ती पाळीपाळीने फिरतात, तेव्हा अन्यायही पाळीपाळीने सर्वांच्या वाट्यास येतो. एका लहानशा नियमात जबाबदारी, अधिकार आणि ऋण या तिन्हींची सांगड घातलेली आहे.

‘तीनशे चार’ हा खेळ त्याहून गहन. त्यात गुलामास ३० गुण, नव्वीस २०, एक्क्यास ११, दश्शीस १०, राजास ३ आणि राणीस २. बेरीज ७६, चार रंगांचे मिळून ३०४, खेळाचे नावच त्याचा ताळेबंद. राजा-राणीस धाब्यावर बसवून गुलाम आणि नव्वी यांस शिरोभागी बसविणारा हा डाव ज्या घरांत रंगला, त्या घरांत वडीलधाऱ्यांपुढे मान वर करून बोलण्याची सोय नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे त्याची गंमत कळते. ‘मेंढीकोटा’त दश्श्यांचे महत्त्व, ‘गुलामचोरा’त एक गुलाम काढून टाकताच उरलेल्या एकट्या गुलामाचे होणारे संकट, ‘झब्बू’तील शेवटपर्यंतची धास्ती, हे सारे खेळ एकाच जोडातून, पाने वगळून वा त्यांची किंमत बदलून निर्माण झाले. नवी पाने रंगविण्याची गरज पडली नाही. म्हैसूरच्या राजाने पाने वाढविली. मराठी गृहिणीने पाने कमी केली. टिकले कोणाचे, हे प्रत्येक वाचकास आपल्या घरातील सुटीची दुपार आठवून ठरविता येईल.

लहान खेळ रचण्याची ही विद्या क्षुल्लक नाही. तिचे दोन-तीन नियम मला या निरीक्षणातून हाती लागल्यासारखे वाटतात. पहिला असा की, खेळ समजावून सांगावयास पानसुपारी होण्याइतकाच वेळ लागावा. दुसरा, हातातील प्रत्येक पानाने खेळणाऱ्यास काही तरी निवड करावयास लावावे. जे पान नुसतेच संख्या भरून काढते ते वगळावे. तिसरा, हरणाऱ्यास पुढचा डाव मांडावासा वाटावा. जपानचा इतिहास याच गोष्टीची साक्ष देतो. पोर्तुगीजांनी तेथे पत्ते नेले. जुगाराच्या भयाने सरकारने त्यांवर वारंवार बंदी घातली. लोकांनी दर वेळी पानांचे रूप पालटले. आणि शेवटी अंकांऐवजी बारा महिन्यांची फुले असलेला ४८ लहान पानांचा ‘हानाफुदा’ शिल्लक राहिला. क्योतो येथे १८८९ साली ही पाने करण्यासाठी निघालेल्या एका दुकानाचे नाव निन्तेन्दो. आज ते नाव घराघरांतील मुलांस वेगळ्याच खेळांमुळे परिचित आहे. त्याच जपानातील सेइजी कानाई यांनी २०१२ मध्ये अवघ्या १६ पानांचा एक खेळ प्रसिद्ध केला आणि तो जगभर खेळला गेला. हाती एक पान, उचलावयाचे एक, टाकावयाचे एक. एवढ्यावर तो उभा आहे.

आमच्या गंजिफातही असा एक लहान खेळ होताच. त्याचे नाव नक्श. त्यासाठी बारा-बारा पानांचे चार संच, म्हणजे ४८ पाने पुरतात. रंगांचा भेद त्यात मानीत नाहीत. मोल फक्त अंकांचे. राजाचे १२, मंत्र्याचे ११, बाकीच्यांचे चिन्हांइतके. आधी दोन पाने घ्यावयाची, वाटल्यास आणखी मागावयाची, आणि बेरीज १७ च्या जवळ न्यावयाची. पुढे गेली की बुडाला. राजा आणि पंजा, किंवा मंत्री आणि छक्का, अशी जोडी पहिल्या दोन पानांतच आली तर तिच्यासारखे भाग्य नाही. बंगालमधील विष्णुपूर येथे दशावतारी पानांबरोबर नक्शाची ४८ पानेही करीत आले आहेत, आणि सावंतवाडीतही ती होत असत.

येथे एका आक्षेपाचा परामर्श घेतला पाहिजे. नक्श हा पैशाचा खेळ होता, आणि पत्त्यांनी किती संसार धुळीस मिळविले याची उदाहरणे प्रत्येक गावात आहेत. युधिष्ठिराचे द्यूत आपण विसरलेलो नाही. आमच्या वडिलांच्या पिढीत अनेक सुशिक्षित घरांत पत्त्यांस मज्जाव होता तो उगाच नव्हे. मी या आक्षेपाची थट्टा करणार नाही. परंतु दोष पणाचा आहे, पानांचा नाही. पैसा काढून घेतल्यावरही जो खेळ रंगतो तोच खेळ चांगला, ही कसोटी लावली तर आजीची गंजिफा, पाच-तीन-दोन आणि तीनशे चार हे तिन्ही तिला उतरतात. चिंचोके पणास लावून जे भांडण आम्ही लहानपणी केले तितके अटीतटीचे भांडण पुढे पगारवाढीसाठीही केल्याचे मला स्मरत नाही.

आता सांप्रतच्या स्थितीविषयी. सावंतवाडीची ही कला एका काळी शेवटचे श्वास मोजीत होती. ती जगली याचे श्रेय शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी भोसले या दांपत्यास आहे. पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिराकडून सत्त्वशीलादेवींनी स्वतः ही विद्या शिकून घेतली, आणि १९७० नंतरच्या काळात राजवाड्याच्या दरबारातच कारागीर बसवून कामाला पुन्हा आरंभ केला. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये निवर्तल्या. काम थांबले नाही. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफास भौगोलिक मानांकनही मिळाले. एका राजघराण्याने सत्ता गेल्यावर कुंचला हाती धरावा, ही घटना आपल्या अलीकडच्या इतिहासात अभिमानाने नोंदण्यासारखी आहे.

तथापि मानांकन मिळते ते पानांस, डावास नव्हे. आज ही पाने विकत घेणारा गृहस्थ ती बहुधा चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगतो. चित्र वाचले, पण ज्या कारणासाठी ते काढले गेले ते कारण नाहीसे झाले. वीणा भिंतीवर शोभते हे खरे, परंतु तिला वाजविणारा कोणी न उरला तर तिला वीणा म्हणावयाचे की कोरीव लाकूड? ओडिशात गंजपा या नावाने हा खेळ खेळणारी वृद्ध मंडळी अगदी अलीकडच्या काळापर्यंत होती. खेळ हा शिकविल्यानेच जगतो. एक पिढी ‘परीक्षा झाल्यावर पाहू’ म्हणाली की साखळी तुटते. ती तोडणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून हे अधिकाराने सांगतो.

माझ्या डबीतील पाने मोजली ती ९७ भरली. १२० पैकी २३ हरवलेली. दशावतारी डाव मांडणे आता अशक्य. पुतणी हिरमुसली. पण पाने रंगवार लावताना असे आढळले की, मत्स्य, कूर्म, वामन आणि राम हे चार रंग पुरते बारा-बारा आहेत. बारा चोक अठ्ठेचाळीस. नक्शाला रंगांचा भेद लागत नाही, आणि पाने लागतात तीही अठ्ठेचाळीसच. जे उरले होते तेवढ्यात एक पुरा खेळ शिल्लक होता.

त्या रात्री आम्ही घरातील पाच जण सतरंजीवर बसलो. पणाला चिंचोके होते. पहिल्याच डावात पुतणीला रामाचा राजा आला आणि त्यावर माशांचा पंजा. तिने मासे बोटाने मोजले, दोनदा मोजले, आणि पाने उताणी टाकून ओरडली. वामनाचा एक मंत्री घासून इतका पांढरा झाला आहे की त्याचा घोडा आता नुसत्या ठिपक्यांवरून ओळखावा लागतो. तो कोणाच्या अंगठ्याने झिजला हे मला ठाऊक आहे. तिच्याकडून जे शिकावयाचे होते ते मी शिकलो नाही. परंतु त्या झिजलेल्या जागेवर आता दुसरा एक लहान अंगठा पडतो आहे. डाव संपल्यावर पुतणीने डबीचे झाकण सरकवून लाविले आणि विचारले, “काका, हरवलेली तेवीस पाने सावंतवाडीला करून मिळतील का?”

या दिवाळीत आम्ही तिकडे जाणार आहोत.